टेबलाचा सीमाप्रश्न

बेळगावातल्या वडगावात आमचं घर, आणि घरात जेवणाचं टेबल एकच. सागवानी, सहा माणसांचं, माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. 2020 च्या मार्चपर्यंत त्यावर कुणाचा दावा नव्हता, कारण जेवायला आम्ही सगळे खालीच बसतो. इस्त्रीचे कपडे, लोणच्याची बरणी, आलेल्या लग्नपत्रिका आणि बाबांचं पंचांग असे चार रहिवासी त्या टेबलावर गुण्यागोविंदानं नांदत होते. टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात मी पुण्यातली खोली सोडली, कोगनोळीचा, कर्नाटकात शिरायचा नाका ओलांडून घरी आलो, पंचांग जरासं सरकवून लॅपटॉप ठेवला, आणि तेव्हापासून आमच्या घरात सीमाप्रश्न आहे.

आईचं म्हणणं, टेबल पहिल्यापासून स्वयंपाकघराचं. माझं म्हणणं, असेल, पण सध्या कारभार कंपनीचा चालतो. बेळगावच्या माणसाला असला वाद समजावून सांगावा लागत नाही. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली, 1966 ला महाजन आयोग बसला, 1967 ला अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बाबांची शाळा, नोकरी, लग्न आणि निवृत्ती एवढं सगळं या एका प्रश्नाच्या पोटात आरामात मावलं. त्यामुळे टेबलाचा निकाल लवकर लागेल अशी आशा घरात कुणी बाळगलेली नाही. बाबांनी तोडगा मात्र काढला. निकाल लागेपर्यंत टेबल केंद्रशासित करा, म्हणाले. म्हणजे तोवर त्यावर त्यांचा पेपर पसरलेला राहील.

शेवटी मी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी आणून टेबलाच्या बरोबर मधून एक रेघ मारली. अलीकडे ऑफिस, पलीकडे घर. आईनं ती रेघ शांतपणे बघितली आणि तांदूळ निवडायचं ताट बरोबर तिच्यावर ठेवलं. निम्मं ताट इकडं, निम्मं तिकडं. ‘खडं तुझ्या बाजूला टाकत न्हाई,’ एवढं आश्वासन दिलं.

आमचे साहेब बेंगळुरात असतात. पुण्याच्या ऑफिसात मी ‘अरे, तू कर्नाटकातला ना?’ होतो, आणि बेंगळुरात ‘नीवु महाराष्ट्रदवरा?’ झालो. दोन्हीकडे मी नम्रपणे हो म्हणतो, वेळ वाचतो. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, मागे तो खटखट आवाज कसला? तो आप्पांचा माग. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा. आमच्या भिंतीला भिंत लावून आप्पांचा यंत्रमाग चालतो. मला वाटलं, साहेबांना आपली संस्कृती समजू दे. धोटा इकडून तिकडं कसा पळतो, फणी कशी ठोकते, विजेवर सगळं कसं चालतं आणि करंट गेला की माग जागच्या जागी कसा थांबतो, सगळं सांगितलं. साहेबांनी फार रस घेऊन ऐकलं. इतकं सांगायची गरज नव्हती.

पुढे कंपनीनं घरून काम करणाऱ्यांसाठी सूचनांचं एक पत्रक पाठवलं. पहिली सूचना, कामासाठी वेगळी खोली ठेवा. आमच्या घरात वेगळी खोली फक्त देवाला आहे, आणि तिथंसुद्धा सिलिंडर ठेवलेला असतो. दुसरी सूचना डोळ्यांची. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघायचं. वीस फूट सरळ नजर जाईल असं घर वडगावात सापडायचं नाही. पण खिडकीतनं मापून बघितलं तर बरोबर वीस फुटांवर समोरच्या काकूंचं अंगण येतं. दोन दिवस मी नियमानं डोळ्यांचं आरोग्य सांभाळलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी पडदा लावला. चौथ्या दिवशी त्यांचे मालक आमच्याकडे ‘सहज’ म्हणून चहाला आले आणि कप खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे वीस सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ बघत बसले.

तिसऱ्या सूचनेनं मात्र मला पार रस्त्यावर आणलं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. पत्रकात म्हटलं होतं, ऑफिसला जाण्यायेण्याचा प्रवास बंद झाल्यामुळे कामाची सुरुवात आणि शेवट मनाला कळत नाही. तेव्हा काम सुरू करण्याआधी तयार होऊन बाहेर एक फेरी मारा आणि ‘ऑफिसात’ या. मला पटलं. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला शर्ट खोचला, बूट घातले, पाठीला सॅक लावली आणि निघालो. दूध डेअरीवर पहिली चौकी लागली.

‘काय रे, कुठं चाललास?’

‘ऑफिसला.’

मंगाईच्या देवळापर्यंत गेलो, बाहेरनंच नमस्कार केला, परत फिरलो. पुन्हा डेअरी.

‘परत का आलास?’

‘ऑफिसला चाललोय की.’

‘मघा गेलेलास ते?’

‘ते पण ऑफिसलाच.’

संध्याकाळी कामाचा शेवट मनाला कळावा म्हणून तीच फेरी उलटी मारली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खानापूरहून सासूबाईंचा फोन आला. बायकोला म्हणाल्या, ‘जावईबापूंची नोकरी गेल्याली काय गं? बिचारा रोज बॅग घेऊन गल्लीतनं फिरालाय म्हणं.’ त्याच संध्याकाळी एका काकांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या ओळखीच्या किराणा दुकानात हिशेब लिहायला माणूस पाहिजे असल्याचं सांगितलं. पगार फार नाही, पण रविवारी सुट्टी आणि दुपारी दोन तास दुकान बंद. मी दोन रात्री त्यावर खरोखर विचार केला.

माझ्या मनाला जे कळेना ते अमेरिकेच्या घड्याळाला बरोबर कळतं. आमची रोजची मीटिंग तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सकाळी नऊला. उन्हाळ्यात आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात, अंतर साडेदहा तासांचं होतं आणि मीटिंग साडेसातला जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा जागेवर. आमच्या गावात 1 नोव्हेंबर या एका तारखेला आधीच दोन दिवस असतात, चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस. 2020 साली नेमका त्याच तारखेला रविवार आला आणि त्यात अमेरिकेचा एक तास येऊन पडला. साडेसहा म्हणजे आमच्याकडे दिवेलागण, साडेसात म्हणजे जेवणाची वेळ. आठ महिने मला भाकरी गरम मिळते, चार महिने झाकलेली. आई अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर कधी रागावत नाही, पण त्या घड्याळवाल्याला सोडत नाही. ‘रातच्या जेवणात कुणाचं हात घालतात व्हय?’

आषाढात मंगाईच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरतं. गेल्या खेपेला भरमीटिंगमध्ये मावशी मागून आल्या, पडद्यावर एक गोरा माणूस बघून चष्मा सावरला आणि त्याला थेट विचारलं, ‘जेवलासा काय?’ त्यानं मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, कामाची प्रगती विचारतायत. तो बिचारा गोंधळून दहा मिनिटं मावशींना तिमाहीचा आढावा देत होता. मावशी ‘व्हय, व्हय’ म्हणत होत्या. साहेबांच्या मते त्या वर्षातली ती सगळ्यात चांगली मीटिंग.

कायद्याचा आधार आहे का, तेही बघून झालं. कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं 2017 पासून कायद्यात घातला. आपल्या लोकसभेत 2018 साली तसं एक खासगी विधेयक मांडलं गेलं. खासगी विधेयकांचं पुढं जे होतं ते त्याचंही झालं. आणि 2024 च्या जुलैत आमच्याच राज्यात आयटीवाल्यांचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावरून रान उठलं होतं. बाबांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘चौदाच? बरं हाय की. लवकर सुटशील.’

आप्पांना या सगळ्याची गंमत वाटते. ‘घरातनं काम म्हणजे काय नवं काढल्यासारखं सांगतोस,’ म्हणाले. ‘आमचा आज्जा घरातनंच करत होता. बा पण. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, हातानं माग मारायचं. मी यंत्रमाग घेटलो, येवढाच फरक.’ आणि खरंच आहे. माग घरात, चूल घरात, लेकरं मागाखालनं रांगत जाणार, सून कांड्या भरता भरता भात शिजवणार. आमच्या कंपनीला जे 2020 मध्ये सुचलं ते वडगावात पणजोबांच्या वेळेपासून चालू आहे, आणि कुणी त्याचं पत्रक काढलेलं नाही.

मी विचारलं, ‘मग आप्पा, काम कधी संपलं हे तुम्हाला कसं कळतं?’

त्यांनी माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. ‘साडी उतरली की.’

साडी मागावरनं उतरते, घडी होते, पिशवीत बसते, व्यापाऱ्याकडे जाते. उद्याची साडी उद्या. माझ्या मागावरनं काहीच उतरत नाही. आज जे संपवलं त्याच्याच पोटातनं उद्याचं निघतं, आणि रात्री साडेअकराला, कुणी सांगितलेलं नसताना, मीच उठून लॅपटॉप उघडून बघतो, काही आलंय का. साहेबांना दोष देऊन बघितला. त्या वेळी साहेब झोपलेले असतात. बायको शाळेत शिकवते. साडेपाचला येते, पर्स खुंटीला अडकवते, आणि शाळा त्या खुंटीला सकाळपर्यंत लटकून राहते. ती खुंटी मी एकदा नीट तपासून बघितली. साधीच आहे.

आप्पांकडे दुसरीही एक सोय आहे, करंट जाण्याची. पावसाळ्यात आमच्याकडे करंट माणसांसारखा येतो-जातो. गेला की गल्लीतले सगळे माग एकदम गप्प होतात, इतके की कान बधिर झाल्यासारखे वाटतात. आप्पा कट्ट्यावर येऊन बसतात, तंबाखू मळतात. त्यांच्यावर कुणी रागवत नाही, त्यांनाही काही वाटत नाही. ही सोय मलाही होती. मग गेल्या दिवाळीला मी कंपनीच्या भत्त्यातनं इन्व्हर्टर घेतला आणि स्वतःच्या हातानं ती घालवली. अख्खी गल्ली अंधारात कट्ट्यावर गप्पा मारत असायची आणि मी एकटा उजेडात बसून लोकांची तोंडं बघत असायचो.

मागच्या जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. एका दुपारी तीनला करंट गेला. इन्व्हर्टर नेहमीसारखा टूं टूं करत उभा राहिला, पण तासाभरानं त्यानंही मान टाकली. बॅटरीत पाणी घालायचं राहिलं होतं. ज्या घरात आठवड्यातनं एकदा नळ आला की मीटिंग सोडून हंडे-कळशा भरायला पळावं लागतं, त्या घरात बॅटरीचं पाणी कुणाच्या लक्षात राहणार? मी साहेबांना कळवलं, करंट नाही, इन्व्हर्टर गेला, आल्यावर सांगतो. साहेब म्हणाले, ‘स्वल्प अडजस्ट माडी.’

मी अडजस्ट केलं. आप्पांच्या कट्ट्यावर पत्र्याखाली जाऊन बसलो. वहिनींनी कांदाभजी केली. पाऊस पन्हाळीतनं धो धो पडत होता. आप्पांनी येळ्ळूरच्या शिवारात रोपं लावून झाली का, कुणाची राहिली, कुणाच्या बांधावरनं पाणी कुणाच्या शेतात गेलं, हे सगळं सांगितलं. घरात डोकावून बघितलं तर आईनं संपूर्ण टेबल ताब्यात घेतलं होतं. काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना ओले कपडे पसरलेले. माझी काही हरकत नव्हती. तासभर झाला, मला एकदाही आठवण आली नाही की मला आठवण यायला पाहिजे.

पाच वाजता साहेबांचा फोन आला.

‘करंट आला?’

‘नाही ना सर. पूर्ण एरियात नाही.’

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे आप्पांच्या मुलानं बटण दाबलं. खटखट, खटखट, खटखट.

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

‘तो माग आहे ना?’ साहेब म्हणाले. ‘विजेवर चालतो म्हणाला होतास. धोटा, फणी.’

‘हा हातमाग आहे, सर,’ मी म्हणालो. ‘नवीन घेतलाय.’

आयुष्यात एकदाच कर्ज काढून हातमागाचा यंत्रमाग केलेल्या आप्पांनी माझ्याकडे बघितलं. हातातलं भजं पेपरावर ठेवलं, धोतराला हात पुसले आणि काही न बोलता आत गेले. खटखट थांबली.

‘आता का थांबला?’ साहेबांनी विचारलं.

‘चहाला उठले, सर.’