ग्रामीण रसिकांनी लिंकवर यावे म्हणे

आज सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात मोबाइलवर पत्रिका आली. नागपूरच्या एका नावाजलेल्या संस्थेची. वसंतानिमित्त चार दिवसांचा कार्यक्रम. एक दिवस गझल, एक दिवस नाट्यसंगीत, एक दिवस विदर्भाच्या लोककला आणि शेवटच्या दिवशी पहाटेचं गायन. पत्रिका देखणी आहे, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात पळसाची लालभडक फुलं. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: सभागृहात प्रवेशिकाधारकांनाच प्रवेश, ग्रामीण भागातील रसिकांनी ऑनलाइन लिंकवरून लाभ घ्यावा.

लाभ घ्यावा! आमचं परस्पर ठरवून मोकळे. शहरातल्याला खुर्ची, आम्हाला लिंक. पळस तेवढा आमच्याकडचा चालते.

दिवसभर डोक्यात तेच फिरून राहिलं. गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्याच्या दोन प्रती काढायच्या तर चार काढल्या. म्हणून रात्री लिहायला बसलो. तुम्ही सगळे आपलेच आहात, त्यामुळे नाटक न् भजन माणसानं माणसांत बसून ऐकावं हे तुम्हाला पटवत बसत नाही.

आणि आधीच सांगतो, याला ऑनलाइन जमत नाही म्हणून हा चिडला असं कोणी म्हणू नका. माझं पोटच त्याच्यावर आहे, बाप्पा. पीकविमा, शिष्यवृत्ती, आधारची दुरुस्ती, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्याच टेबलावरून जाते. कोणाचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या गुढीपाडव्याचं सांगतो, मग कळेल.

पाडव्याच्या पहाटेचा असाच एक कार्यक्रम होता, शहरातल्या लोकांनी ठेवलेला. सभागृहात गाणं आणि बाहेरगावच्यांसाठी व्हिडिओ मीटिंगची लिंक. मी हौसेनं दुकानातला टीव्ही लॅपटॉपला जोडला, समोर सतरंज्या टाकल्या, अगरबत्ती लावली. गल्लीतली आठ-दहा म्हातारी माणसं येऊन बसली. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, ती तर खंजिरी घेऊनच आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की अभंग आहेत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात तिचं आयुष्य गेलं. भजन म्हटल्यावर खंजिरी घरी ठेवून यायची ही कल्पनाच तिला नाही.

गायिका खरंच चांगली होती. पहिला अभंग सुरू झाला, ध्रुपद दुसऱ्यांदा आलं आणि आमच्या मोठ्या आईनं ते उचललं. उचलायचंच असते ना ते! मागून दोन बुढ्यांनी साथ दिली, खंजिरी वाजली. दुकानात असा काही रंग भरला की बाहेर रस्त्यानं दूध घेऊन जाणारा सायकल टेकवून उभा राहिला. आणि टीव्हीतून निवेदकाचा आवाज आला, "एक मिनिट, एक मिनिट. कुणाच्या तरी घरून भांड्यांचा आवाज येतोय. कृपया आपापले माइक बंद ठेवा." असं म्हणता म्हणता त्यांनी तिकडूनच आमचा माइक बंद केला. पडद्यावर लाल फुली आली.

भांड्यांचा आवाज.

मोठी आई मला विचारते, "काऊन रे, आपला आवाज जात नाही का आता?" मी म्हटलं, नेट गेलं. नेट कुठचं गेलं, गायिका समोर गाऊनच राहिली होती. बुढीला काही कळत नाही असं थोडंच आहे. तिनं खंजिरी मांडीवर उपडी ठेवली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हात लावला नाही.

आता मला कोणी नियम शिकवू नका. शंभर ठिकाणचे माइक उघडे राहिले तर गाणाऱ्याचं डोकं फिरेल, हे मलाही कळते. पण मग सरळ कबूल करा ना की तुमच्या लिंकेत ऐकणाऱ्याला तोंड नसते. फक्त कान पाठवा म्हणा. आमच्याकडे नुसते कान घेऊन कोणी कार्यक्रमाला जात नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊनच गावोगाव फिरले. आमच्या बाजूचं चिमूर 1942 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांविरुद्ध पेटलं, त्यामागे त्यांची भजनं होती असं आजही इथला म्हातारा माणूस सांगतो. इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं. का टाकलं? ते एकटे गात होते म्हणून? त्यांच्यामागे अख्खं गाव गात होतं म्हणून! समोरच्यांना माइक बंद ठेवायला लावला असता तर चिमुरात काडीही पेटली नसती. 30 एप्रिलला त्यांची जयंती आहे, गावोगाव ग्रामजयंती होईल. या एखाद्या गावी, बसा मागे, आणि गप्प राहून दाखवा. शेजारची बाई कोपरानं ढोसते, "म्हणा ना जी!"

आणि आपली झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची रंगभूमी. हिवाळा लागला की सुरू होते ते होळीच्या आसपासपर्यंत. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या सामान घेऊन फिरतात, रात्री पडदा वर जातो तो पहाटे कोंबडं आरवेपर्यंत. खाली धानाची तणस टाकलेली, अंगावर घोंगडी, मांडीवर झोपलेलं पोरगं. मुंबई-पुण्याचे कलावंत इकडे येऊन सीझन करतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती या मातीवरच्या रंगभूमीसाठी. आणि तिथला प्रेक्षक कसा आहे? खलनायकाला शिव्या देते, गाणं आवडलं तर वन्स मोअर घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, रडायचं तिथे मोकळेपणी रडते. नटाला कळते, आज कोणत्या गावात आलो. तो थांबते, परत घेते, वाढवते. अर्धं नाटक खाली बसलेले लोक करतात, भाऊ. त्यांना म्यूट करा आणि मग पाहा, नाटक किती उरते ते.

हे लिहिता लिहिता पत्रिका परत उघडून पाहिली आणि आता खरा संताप आला. तिसऱ्या दिवशी लोककला आहेत ना, त्यात खडी गंमत आहे, आमच्याकडचं ढोलकीवरचं लोकनाट्य. पार्टी कुठची? शेजारच्या गावची! मी त्या लोकांना लहानपणापासून ओळखतो. शाहीर, ढोलकीवाला, चोणकंवाला, नाच्या, सगळे इथलेच. त्यांना नागपूरला नेणार, थंडगार सभागृहात वीस मिनिटं देणार, निवेदक त्याला लुप्त होत चाललेली कला म्हणणार (लुप्त कशाची, परवाच्या रात्री पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती), आणि त्या ढोलकीवाल्याची बायको-पोरं? ते ग्रामीण भागातील रसिक. त्यांनी लिंकवरून लाभ घ्यावा.

म्हणजे आमच्याच दारची कला शंभरावर किलोमीटर नेऊन आम्हालाच मोबाइलवर दाखवायची. लग्नघरच्यांनाच पंगतीचा फोटो पाठवून पोट भरलं का विचारावं, तसलं हे.

खडी गंमतीत कोणी दहाची नोट दिली तर नाच्या नाव घेऊन सांगते, अमक्या भाऊंकडून दहा रुपयांचं बक्षीस, आणि त्या नावावर तिथल्या तिथे एखादी टोलेबाजी करते. सगळं पटांगण हसते, ज्याच्यावर झाली तो सगळ्यात जास्त. तो दहा रुपयांचा माणूस लिंकवर कुठे बसवाल? त्याचाही भांड्यांचा आवाज होईल.

बरं, आम्ही यावं म्हटलं तर यावं कसं? नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला येणारी छोटी गाडी होती. डुलत डुलत यायची, पण यायची. 2019 च्या नोव्हेंबरात ती मोठ्या रुळांसाठी बंद झाली. मोठे रूळ हवेतच, त्याला माझी ना नाही. पण मधल्या काळात संध्याकाळी गाणं ऐकून रात्री परतायचं कसं, याचा विचार कोणाला करावासा वाटला नाही. कार्यक्रमाची वेळ सातची. पाहुण्यांचा सत्कार, दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे आभार, गाणं रंगेपर्यंत नऊ. शेवटची बस तोवर कधीच गेलेली. म्हणून आमच्यातले जे जातात ते मध्यंतरात चपला शोधतात, आणि वर शहरातले लोक म्हणतात, ग्रामीण प्रेक्षकाला शेवटपर्यंत बसायची सवय नाही! अरे, रात्रभर तणशीवर बसणारी माणसं आम्ही.

नागपूरवर माझा राग नाही. खरंच नाही. त्या मोठ्या सभागृहात मी बसलो आहे. गझल ऐकताना अख्खं सभागृह एकाच वेळी "वा" म्हणते ना, तेव्हा अंगावर काटा येते. ते सभागृह सुरेश भटांच्या नावाचं, 2017 मध्ये उघडलेलं. माणूस अमरावतीचा, 15 एप्रिल 1932 चा जन्म, म्हणजे याच दिवसांतला. सिव्हिल लाइन्सचं दुसरं सभागृह वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं, तो गळा मूर्तिजापूरचा. (अमरावती काही खेडं नाही, मान्य. पण मूर्तिजापूर काही महानगर नाही.) नावं सगळ्या विदर्भाची लावता, मग खुर्च्या एकट्या शहराच्या कशा? आणि ती "वा" लिंकवर म्हणायची सोय कुठे आहे? अंगठा दाबायचा. हिरवा, पिवळा, लाल बदाम सोडायचा. मोठ्या आईला मी बदाम सोडायला शिकवू का आता?

हो, एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर कमेंटमध्ये बहीणच भांडेल. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, त्याच दिवशी देश बंद झाला. तेव्हा त्या मोबाइलवरच्या गाण्यांनी माणसं सांभाळली. आजही ती नाशिकहून आपल्याकडचं नाटक यूट्यूबवर पाहते आणि रात्री दीडला मला मेसेज करते. गल्लीत एक काका अंथरुणाला खिळले आहेत, त्यांना लिंक म्हणजे खिडकी आहे. ज्याला येताच येत नाही त्याच्यासाठी ठेवा ना, खुशाल ठेवा. मी येऊ शकतो, माझी मोठी आई येऊ शकते, आणि तुम्ही आम्हाला अंथरुणाला खिळलेल्यांत मोजता, तिथे माझं डोकं फिरते.

शिवाय ते पहाटेचं गायन. साडेपाचला म्हणे. या दिवसांत पहाटे साडेपाचला आमच्या गावात असते कोण? मोहाचे दिवस आहेत. फुलं रात्री-पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर ढोरं न् हरणं खाऊन जातात. बाया चार वाजता टोपल्या घेऊन निघतात. एकटी कोणीच जात नाही, कारण वाघ. दरवर्षी मोहाच्या दिवसांत आमच्या भागातून एखादी तरी वाईट बातमी येते, तुम्ही पेपरात आतल्या पानावर वाचता. म्हणून त्या घोळक्यानं जातात आणि मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत जातात, एकमेकींना हाका मारतात, कोणी गाणं म्हणते. झाडाखाली ओणवं होऊन वेचताना तर जास्तच, कारण वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही म्हणतात. काल माझी बायको आली तेव्हा तिच्या बोटांना मोहाचा चिकट गोड वास होता आणि आवाज बसलेला. हा आमचा वसंत. तो तुमच्या वेळापत्रकात बसत नाही याचं मला काही नाही, पण निदान पत्रिका लिहिताना एकदा विचारा तरी, की बाबांनो तुम्हाला सवड कधी असते. दुपारी चारला ठेवा, बघा किती गावं येतात. चारपैकी एक दिवस भिवापुरात घ्या, नागभीडला घ्या. मांडव आम्ही टाकतो, जेवण आम्ही करतो, झुणका-भाकर नाही, चांगलं वडा-भात करतो.

नाहीतर एकदा उलटं करा. खडी गंमत इथे पटांगणात रात्रभर होऊ द्या आणि तुम्ही त्या थंडगार सभागृहात बसून लिंकवर पाहा. आणि कोणी हसलं की मी इथून माइक बंद करतो. "कुणाच्या तरी एसीचा आवाज येतोय" म्हणतो.

जाऊ द्या. बायको म्हणते, किती लिहिता, झोपा आता, उद्या तुम्हालाही मोहाला यायचं आहे.

आत्ताच लिहिता लिहिता पार्टीच्या शाहिराला फोन केला. म्हटलं, आम्हाला प्रवेशिका नाही, कसं करायचं? तो म्हणाला, "का जी, आमच्याच गाडीत या ना. दारावर कोण विचारते, पार्टीचे लोक म्हणून सांगू." तर तिसऱ्या दिवशी त्यांच्या पिकअपमध्ये चार-पाच जागा आहेत. मोठी आई ड्रायव्हरच्या बाजूला बसेल, तिचे गुडघे दुखतात. बाकीच्यांना मागे, ढोलकी सांभाळत बसावं लागेल. दुपारी एकला निघायचं, उमरेडला चहा, रात्री त्याच गाडीनं परत. डिझेलला प्रत्येकी शंभर. ज्याला यायचं त्यानं दुकानात येऊन सांगा, फोनवर सांगू नका, फॉर्मांच्या गर्दीत माझ्या लक्षात राहत नाही.