'हजार सबस्क्रायबर करा, पगार चालू': त्या मेसेजला मुद्द्यावार उत्तर

एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. बचत गटाच्या ग्रुपवर आला, शेतकरी ग्रुपवर आला, आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तर दोन वेगवेगळ्या काकांनी टाकला. मेसेजचा सार असा: युट्यूब छोट्या मराठी चॅनलला मुद्दाम दाबतं, त्यावर उपाय म्हणजे एकमेकांना सबस्क्राईब करा, प्रत्येक व्हिडिओला ३० टॅग (अपलोड करताना भरायचे शोधशब्द) लावा, रोज संध्याकाळी ७ ला व्हिडिओ टाका, पहिल्या तासात लिंक सगळ्या ग्रुपवर फिरवा, व्ह्यू येत नसतील तर पैसे भरून प्रमोट करा, शॉर्ट्स (छोटे उभे व्हिडिओ) टाकून वॉचटाइम (लोकांनी बघितलेला एकूण वेळ) भरून काढा, गाणं १० सेकंदांच्या आत वापरलं तर कॉपीराइट येत नाही, आणि १००० सबस्क्रायबर झाले की पगार चालू.

मी लोकांच्या चॅनलचे व्हिडिओ एडिट करून अपलोड करते, रेसिपी, कीर्तन, थोडं शेतीचं. त्यामुळे हा मेसेज दाखवून "ताई, हे करूया का" असं विचारणारे मला सारखे भेटतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी ते "दाबतं" प्रकरण, कारण बाकी सगळ्या ट्रिका त्याच्यावर उभ्या आहेत. युट्यूबने २०१२ मध्येच नुसते व्ह्यू मोजून व्हिडिओ सुचवणं बदललं आणि माणूस किती वेळ थांबून बघतोय याला जास्त वजन दिलं, पुढे त्यात "हा व्हिडिओ कसा वाटला" असे सर्व्हेही आले. म्हणजे प्रश्न चॅनल छोटं की मोठं हा नसून समोर आल्यावर माणूस क्लिक करतो का आणि क्लिक केल्यावर थांबतो का, हा आहे. आता नवीन चॅनल हळू चालतं हे खरंय, कारण तुमचं कोणाला आवडतं याची काहीच माहिती सिस्टिमकडे नसते, पण ते हिंदीवाल्याचंही तसंच असतं. आणि हिंदीशी तुलना करताना आकडा तरी बघा, २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, हिंदी ५२ कोटींच्या वर. त्यांचे व्ह्यू जास्त असणारच, त्यात कट काय?

मराठी चॅनलचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या मिनिटात. युट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये, प्रत्येक व्हिडिओचा आलेख असतो, कुठल्या सेकंदाला किती लोक उरले ते दाखवणारा, आणि ३० सेकंदांना किती टक्के लोक होते हे तर वेगळं लिहून येतं. तो आलेख उघडून बघणारी माणसं फार कमी. थालीपिठाचा व्हिडिओ घ्या. सुरुवातीला गावाचा ड्रोन शॉट, मग लोगो फिरत फिरत येतो, मग बासरी, मग "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर तुमचं मनापासून स्वागत, व्हिडिओ सुरू करण्याआधी चॅनलला लाईक शेअर सबस्क्राईब करा आणि शेजारचं घंटीचं बटण दाबायला विसरू नका", मग आज आमच्याकडे पाऊस पडतोय, मग सासूबाईंची आठवण, आणि भाजणीचा डबा उघडेपर्यंत दीड मिनिट गेलेलं असतं आणि बघणारी बाई केव्हाच दुसऱ्या व्हिडिओवर पोचलेली असते. तिला तव्यावर कडा कुरकुरीत झालेलं थालीपीठ पहिल्या पाच सेकंदांत दाखवा, भाजणीत धान्यं किती आणि कशी भाजायची ते आज सांगणार आहोत एवढं एक वाक्य बोला, आणि कामाला लागा. सासूबाईंची आठवण पीठ मळताना सांगता येते की, हात चालू असतात तेव्हा लोक ऐकतात. एवढं केलं तरी अर्ध्या ट्रिकांची गरज संपते, पण हे मेसेजमध्ये कोण लिहिणार, फॉरवर्ड होणार नाही ना ते.

आता सब-फॉर-सब, म्हणजे तुम्ही माझं चॅनल सबस्क्राईब करा मी तुमचं. हे म्हणजे लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं चाललंय, तुम्ही ५०१ घातले म्हणून मी ५०१, जेवण कोणालाच आवडलेलं नाही. गंमत सोडा, युट्यूबच्या नियमात हे सरळ बंद आहे, खोट्या प्रतिसादाच्या धोरणाखाली येतं, असे सबस्क्रायबर मोजणीतून काढले जातात आणि प्रकरण वाढलं तर चॅनलवर कारवाई होते. विकत घेतलेल्यांचंही तेच. आणि समजा नाही काढले, तरी काय मिळालं? कीर्तनाच्या चॅनलला मोबाईल गेम खेळणाऱ्या पोरांनी सबस्क्राईब केलं, त्यांच्यासमोर तुमचा व्हिडिओ येतो, ते ढुंकून बघत नाहीत, सबस्क्रायबर ८०० आणि व्हिडिओला व्ह्यू १२. हे चित्र मी बघितलंय, आणि त्या माणसाला वाटत होतं की त्याला दाबलंय!

३० टॅग. युट्यूबच्या मदतीच्या पानावर स्वतःच लिहिलंय की टॅगचा व्हिडिओ शोधला जाण्यात फार थोडा वाटा असतो, शीर्षक, थंबनेल (व्हिडिओवर दिसणारं चित्र) आणि वर्णन जास्त महत्त्वाचं, आणि टॅगचा खरा उपयोग लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग चुकवतात तिथे होतो. मराठीला हे बरोबर लागू पडतं, कारण आपले बरेच लोक शोधतात रोमन अक्षरात, आणि पिठलं, शेंगोळ्या, आळूचं फतफतं हे रोमनमध्ये प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. तर ती चार-पाच स्पेलिंगं टॅगमध्ये टाका आणि विषय संपवा. बाकी वेळ शीर्षकावर घालवा. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे पण फोनवर त्यातलं थोडंच दिसतं, म्हणून पदार्थाचं किंवा पिकाचं नाव आधी, कौतुक नंतर. "एकदम सोप्या पद्धतीने घरच्या घरी सर्वांना आवडेल अशी" यात जागा संपते आणि पदार्थ कुठला ते दिसतच नाही. आणि प्रसिद्ध माणसांची, सिरीयलची नावं टॅगमध्ये कोंबणं किंवा वर्णनाखाली टॅगचा ढीग ओतणं हे नियमाविरुद्ध आहे, त्यावरून व्हिडिओ उडू शकतो. हॅशटॅग वेगळे, ते ६० च्या वर गेले तर युट्यूब एकही धरत नाही, दोन-तीन पुरे.

संध्याकाळी ७ चा मुहूर्त. लाइव्ह किंवा प्रीमियर (ठरवलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बघायचा व्हिडिओ) असेल तर वेळ महत्त्वाची, लोक त्या वेळी हजर लागतात. साध्या व्हिडिओच्या लांब पल्ल्याच्या कामगिरीवर टाकायच्या वेळेचा थेट परिणाम होत असल्याचं दिसत नाही, हे युट्यूबच सांगतं. रोज टाकण्याबद्दलही तेच, दोन व्हिडिओंमध्ये किती दिवस गेले याचा आणि व्ह्यू वाढण्याचा संबंध त्यांना सापडलेला नाही. मी म्हणेन घड्याळापेक्षा पंचांग बघा. उकडीच्या मोदकाचा व्हिडिओ चतुर्थीच्या दिवशी सकाळी टाकून काय उपयोग, बायकांनी पारी फुटू नये म्हणून काय करायचं ते आठ-दहा दिवस आधीपासून शोधलेलं असतं. दिवाळीच्या चकलीचं तसंच, रब्बीच्या कांद्याच्या रोपवाटिकेचं तसंच. असा व्हिडिओ दरवर्षी त्या हंगामात परत उठतो, तेव्हा रोजच्या रतिबापायी सहा फालतू व्हिडिओ करण्यापेक्षा हा एक नीट करावा. रोज रोज करून थकलेली, तिसऱ्या महिन्यात चॅनल बंद केलेली माणसं सगळ्यांच्याच ओळखीत असतील.

लिंक सगळ्या ग्रुपवर फिरवणे. यात पाप काही नाही, युट्यूब शिक्षा वगैरे करत नाही, पण फायदा कोणता ग्रुप त्यावर आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ठिबकचा व्हिडिओ टाकला तर लोक तुमच्या तोंडाकडे बघून उघडतात, दहा सेकंदांनी बंद करतात आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकतात. तोच व्हिडिओ डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर, नुसती लिंक न टाकता "फिल्टर कधी आणि कसा धुवायचा ते चौथ्या मिनिटाला आहे" असं लिहून टाकला तर चर्चा होते, प्रश्न येतात, पुढच्या व्हिडिओचा विषय मिळतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही.

प्रमोटचं बटण थोडं समजून घ्या कारण इथे खिशातले पैसे जातात. पैसे भरले की व्ह्यू येतात, खोटं नाही. पण जाहिरातीतून आलेला वॉचटाइम कमाईच्या पात्रतेसाठीच्या ४००० तासांत धरत नाहीत, त्यामुळे तास पूर्ण करायला प्रमोट करणं म्हणजे निव्वळ नुकसान. कोकणातला माणूस हापूसच्या पेट्या विकतोय, कोणी शिवणाचा क्लास चालवतोय, त्यांनी करावं, त्यांना व्ह्यूशी देणंघेणं नाही, ऑर्डर हवीय.

शॉर्ट्सचं गणितही असंच फसवं आहे. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४००० तासांत येत नाही. शॉर्ट्सची वाट वेगळी आहे, ९० दिवसांत १ कोटी वैध व्ह्यू. आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स नुसता सुरू झाला तरी व्ह्यू मोजतात, कमीत कमी अमुक सेकंद बघितला पाहिजे असं नाही, त्यामुळे आकडे फुगलेत, पण पैसे आणि पात्रता जुन्याच पद्धतीच्या मोजणीवर, म्हणजे खरंच थांबून बघितलेल्या व्ह्यूवर. लाख व्ह्यूचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायला छान.

१० सेकंदांचं गाणं हा सगळ्यात धोकादायक मुद्दा. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, ५२ व्या कलमात समीक्षा, बातमी, अभ्यास अशा कामांसाठी मुभा आहे, पण सेकंदांची सूट कुठेही लिहिलेली नाही. युट्यूबची कंटेंट आयडी सिस्टिम, म्हणजे दुसऱ्याचं गाणं-व्हिडिओ आपोआप ओळखणारी यंत्रणा, छोटा तुकडाही ओळखते. "गाण्याचे सर्व हक्क मूळ मालकाकडे" असं खाली लिहिणं म्हणजे गाणं दुसऱ्याचं आहे हे मला माहीत होतं अशी स्वतःच्या हाताने दिलेली कबुली, परवानगी नव्हे. इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. क्लेम, म्हणजे मालकाने त्या गाण्यावर सांगितलेला हक्क, आला तर सहसा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही, चॅनलला धक्का नाही. स्ट्राइक वेगळा, मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला की चॅनलवर लागतो तो, ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होण्याची वेळ येते.

कीर्तन-भजनवाल्यांसाठी मुद्दाम सांगते. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, त्यावर कोणाची मालकी नाही. पण त्याला एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल ही त्याची असते, आणि कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. म्हणून मंदिरात तुमच्याच मंडळाने टाळ-मृदंगावर पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग बिनधास्त टाका, आणि मागे स्पीकरवर कॅसेट चालू असेल तर आधी ती बंद करायला सांगा. बारशाच्या, हळदीच्या व्हिडिओत डीजे वाजत असतो तिथे तर आवाज काढून युट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावलेलं बरं.

राहिला पगार. पूर्ण जाहिरात-कमाईसाठी १००० सबस्क्रायबर ही अर्धीच अट आहे, सोबत मागच्या १२ महिन्यांत ४००० तास सार्वजनिक वॉचटाइम लागतो, किंवा ते वर सांगितलेले शॉर्ट्सचे १ कोटी. मग अर्ज, मग तपासणी, आणि इथे दुसऱ्यांचे व्हिडिओ जोडून किंवा मशीनच्या आवाजात एकसारखे शेकडो व्हिडिओ काढून आलेली चॅनलं अडकतात. पास झालात तर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाटपातले ४५. पगार म्हणू नका त्याला, कारण दर महिन्याला रक्कम बदलते, विषय काय, बघणारा कुठे बसलाय, सणाचा महिना आहे का, यावर सगळं, आणि खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत काहीच हातात येत नाही. तुमचं पुरणपोळीचं चॅनल न्यू जर्सीतल्या मराठी बायका बघत असतील तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर तिथला कर कापतात, त्यासाठीचा फॉर्म ॲडसेन्समध्ये (गुगलचं पैसे देणारं खातं) भरला आणि भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला तर १५ टक्के, फॉर्मच भरला नाही तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. आणि १० डॉलर झाले की घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन येतो, तो टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. वाडी-वस्तीवर राहत असाल तर पत्ता आधार कार्डावर आहे तसा, पिनकोड तपासून भरा आणि पोस्टमनकाकांना सांगून ठेवा की असं एक पाकीट येणार आहे, जाहिरातीचं म्हणून बाजूला टाकू नका.