बेरीज का जुळत नाही, याचं उत्तर

नमस्कार साहेब. आपल्या अडत दुकानाचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम मी नव्याने लिहून दिला, त्यावर आपण एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत: तीन आठवडे सांगून नऊ लावले, नव्या प्रोग्रॅमची बेरीज जुन्याशी जुळत नाही, आणि डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून हेच काम फुकटात झालं असतं.

उशीर झाला ही चूक माझी. अडतीचा तो जीडब्ल्यू-बेसिक (डॉसवरची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मधला प्रोग्रॅम आपल्या थोरल्या भावांनी 1989 साली लिहिला आणि लॉक करून सेव्ह केला होता. LIST (प्रोग्रॅम दाखव, ही आज्ञा) दिलं की ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ येऊन थांबायचा. फाइलचा पहिला बाइट 255 ऐवजी 254, म्हणजे लॉक केल्याची खूण, दिसला असता तर मला तेव्हाच कळलं असतं. मी फाइल न उघडताच मुदत सांगून बसलो.

शिवाय रकमा मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीने चार-चार बाइटमध्ये साठवलेल्या. आजच्या पद्धतीने तशाच वाचल्या तर तिथला एक रुपया शून्याला चिकटलेली उणे संख्या होऊन येतो. प्रत्येक रेकॉर्ड उलगडून घ्यावा लागला.

आता बेरजेचं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पैसा शेतकऱ्याचा आहे. एका खात्यावर वर्षअखेर 1 रुपया 12 पैशांचा फरक येतो, आणि बरोबर आकडा नव्या प्रोग्रॅमचा आहे. त्या खात्याच्या 412 पट्ट्यांच्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांच्या) कार्बन प्रतींवरच्या रकमांची, हमाली-तोलाई वजा जाता, मी आणि माझ्या मुलीने कॅल्क्युलेटरवर दोनदा बेरीज केली. दोन्ही वेळा नव्या प्रोग्रॅमचाच आकडा आला.

जुन्यात खात्याची बाकी (शिल्लक) ज्या व्हेरिएबलमध्ये राहते त्याच्या नावापुढे # हे चिन्ह नाही, म्हणून ती सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे चार बाइटच्या मर्यादित अचूकतेत राहते. त्यात बाकी 1,31,072 रुपयांच्या वर गेली की लागोपाठच्या दोन आकड्यांत दीड पैशाहून जास्त अंतर पडतं. 10,48,576 च्या वर तेच अंतर साडेबारा पैसे होतं. मधले पैसे तिथे मावतच नाहीत, प्रत्येक नोंदीला थोडे इकडेतिकडे होतात. भावांची यात चूक नाही. त्या काळी एका खात्यावर दहा लाख चढतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. GOSUB (प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा बोलावणारी आज्ञा) इतके नेटके लावलेले प्रोग्रॅम मी फार थोडे पाहिलेत. नव्यात मी सगळे हिशेब पूर्ण पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवलेत.

डॉसबॉक्सचं आपलं म्हणणं खरं आहे, तो फुकट मिळतो. आपल्या विंडोज 11 वर डॉसचा प्रोग्रॅम थेट चालत नाही, डॉसबॉक्समध्ये चालला असता. पण त्या चुकीच्या बेरजेसकट. तरी हा पर्याय मी पहिल्या भेटीतच समोर ठेवायला हवा होता.

उरलेले चार हजार मी घेणार नाही. शनिवारी बाजार बंद झाल्यावर दुकानात येतो, दोन्ही खातेवह्यांचे प्रिंट आणि त्या 412 पट्ट्या घेऊन. भावांनाही बोलवा. एफ 2 दाबल्यावर पट्टी छापायची त्यांची सवय आहे, ती बटणं जुन्यासारखी हवी असतील तर तिथेच बसून करून देतो.