सायकलला मडगार्ड न देणाऱ्यांनो, एकदा पावसात ऑफिसला जाऊन दाखवा

जाहिरातीत लिहायचं ‘रोजच्या प्रवासासाठी’, ‘शहरासाठी खास’, फोटोत पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला इस्त्रीच्या शर्टातला हसरा माणूस, आणि त्याच्या सायकलला मडगार्ड नाही. पुढे नाही, मागे नाही. अरे रोजच्या प्रवासात पाऊस येत नाही का? पाऊस थांबल्यावर रस्ता दोन मिनिटांत सुकतो का? त्या माणसाला तसाच्या तसा ओल्या रस्त्यावरून एकदा ऑफिसला पाठवा आणि मग पाठीमागून फोटो काढा, कॉलरपासून पँटच्या सीटपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा दिसेल.

पूर्वीच्या साध्या उभ्या सायकलीला मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, घंटी सगळं लावूनच मिळायचं, त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं. मग सगळ्यांनाच आपली सायकल रेसची वाटायला हवी झाली आणि पहिला बळी मडगार्डचा गेला. कारण काय तर वजन! पूर्ण लांबीच्या प्लास्टिक मडगार्डच्या जोडीचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं हो. पाण्याची भरलेली बाटली त्याहून जड असते, ती कुणी घरी ठेवून येत नाही.

आणि आता मडगार्ड म्हणजे ‘ॲक्सेसरी’. वेगळं घ्या, स्वतः बसवा, बसलं नाही तर तुमचं नशीब.

बरं, वेगळं म्हणून आधी काय गळ्यात मारतात, तर सीटखाली अडकवायची ती चपटी प्लास्टिकची पट्टी. ती फार तर पँटची सीट वाचवते. चाकावरचं पाणी कसं उडतं याचा जरा विचार केलाय का कुणी? टायर जमिनीवरून उचलला जातो तिथे पाणी मागे फेकलं जातं, जरा वर गेला की सरळ वर, आणि माथ्यावर आला की पुढे. मागच्या चाकाचं पाणी पाठीवर येतं हे सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे मागचंच मडगार्ड शोधतात. पण बूट कोण भिजवतं? पुढचं चाक! चेनवर, पेडलमधल्या बेअरिंगवर, बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस जिथे फिरतो तिथे) वाळूमिश्रित पाण्याचा सतत मारा कोण करतं? तेही पुढचंच चाक. ऑइल धुऊन जातं, वाळू तेवढी राहते, आणि मग चेन करकरायला लागली की म्हणायचं मेंटेनन्स करत नाही. पुढचं मडगार्ड खाली जमिनीच्या जवळपर्यंत यायला हवं आणि त्याला खाली रबराचा फ्लॅप हवा, तेव्हा कुठे पाय कोरडे राहतात. बाजारातली निम्मी पुढची मडगार्डं मात्र अर्ध्यावरच संपतात, जणू पाणी तिथपर्यंतच उडायचं ठरलंय.

मग शहाणा माणूस ठरवतो की पूर्ण लांबीचं घेऊ. इथून खरा छळ सुरू. बॉक्सवर छापलेलं असतं युनिव्हर्सल, दुकानदारही म्हणतो ‘बसेल हो, सगळ्यांना बसतं’. काय सगळ्यांना बसतं? ७००सी आणि २९ इंच या दोन्ही मापांच्या चाकांची रिम एकच, ६२२ मिमी व्यासाची, पण एकीवर ३२ मिमी रुंदीचा टायर आणि दुसरीवर ५५ चा, दोघांना एकच मडगार्ड कसं होईल? २७.५ ची रिम ५८४, २६ ची ५५९, म्हणजे गोलाईच वेगळी. त्यात मडगार्ड टायरपेक्षा निदान ८-१० मिमी रुंद हवं, नाहीतर पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर. म्हणजे ३५ चा टायर असेल तर ४५ चं मडगार्ड. आणि ४५ चं मडगार्ड फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन पायांमधून जायला तेवढी जागा तर पाहिजे! फ्रेम बनवणाऱ्याने टायर जेमतेम मावेल एवढीच फट ठेवलेली असते, मग काय, अंगावर पाणी घ्या नाहीतर बारीक टायर टाका आणि खड्ड्यात हाडं मोजा.

आता भोकं. मडगार्डच्या दांड्या बसवायला फ्रेमवर आणि फोर्कवर एक्सलजवळ एम५ म्हणजे ५ मिमी बोल्टची आटे पाडलेली भोकं लागतात, मागे दोन पुढे दोन, शिवाय ब्रिजवर (मागच्या चाकावरच्या आडव्या नळीवर) आणि फोर्कच्या डोक्यावर एकेक. फ्रेम बनतानाच ही भोकं ठेवायला कितीसं काम पडतं? पण नाही ठेवणार. किंवा मागे ठेवतील आणि पुढे नाही, हे तर जास्त संतापजनक, कारण म्हणजे कुणीतरी टेबलावर बसून विचार करून अर्धंच काम केलंय. सस्पेन्शन फोर्क असेल तर विषयच संपला, वरचा भाग स्थिर, खालचा वरखाली, मडगार्ड धरायचं कशाला? आणि ज्या शहरी सायकलला डांबरी रस्त्यावरच जायचंय तिला सस्पेन्शन कशासाठी दिलं हे विचारू नका, दुकानात हँडल दाबून बघायला बरं वाटतं म्हणून.

भोकं असली तरी डिस्क ब्रेक आहेच आडवा. दांडी जिथून जायला हवी बरोबर तिथेच कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारा भाग. मग लांब बोल्ट आणा, मधे स्पेसर (अंतर राखणारी छोटी नळकांडी) घाला, तरी लागतंय म्हणून दांडी वाकवा, वाकवली की मडगार्ड एका बाजूला खेचलं जातं, ते सरळ केलं की दुसरी बाजू टायरला घासते. स्पेसर बॉक्समध्ये नसतात हे सांगायला नकोच. बॉक्समध्ये असतात ते बोल्ट, एक हमखास आखूड. सूचनांचा कागद म्हणजे नुसती चित्रं, आणि चित्रातल्या सायकलला डिस्क ब्रेक नाही!

ज्यांच्या फ्रेमला भोकंच नाहीत त्यांनी रबर लावलेल्या क्लॅम्पने दांड्या नळीला बांधायच्या. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीवर चालून जातं, कार्बन फोर्कवर क्लॅम्प आवळायची हिंमत मला तरी नाही. बाकी जनता केबल टायवर जगते. केबल टाय काही दिवस मान टाकत नाही, मग एका खड्ड्यात तुटतो आणि मडगार्ड टायरवर बसून असा आवाज करतं की रस्त्यावरचे सगळे वळून बघतात.

आवाजावरून आठवलं, खडखड! सगळं बसवलं, दांड्या करवतीने कापल्या, टोकांना टोप्या घातल्या, टायरपासून सगळीकडे बोटभर अंतर ठेवलं, आणि पहिल्याच खराब रस्त्यावर कुठूनतरी टकटक सुरू. कुठून ते कळत नाही. थांबून हलवून बघितलं की गप्प, चालवायला लागलं की परत. साधा नट कंपनाने ढिला होतोच, नायलॉनची रिंग असलेला नट दिला असता तर काय गेलं असतं? पण तो बॉक्समध्ये नाही, तो आपण हिंडून शोधायचा. धातूचं मडगार्ड असेल आणि ताणून बसवलं असेल तर ते जिथे बोल्ट आहे तिथेच तडकणार, हेही कुणी आधी सांगत नाही.

आणि एका गोष्टीचा मला खरंच राग आहे, बाकी सगळं एकवेळ सोडून देईन. पुढच्या मडगार्डच्या दांड्यांना सुटणारी क्लिप लागते. चाकात काटकी अडकली आणि मडगार्डखाली गेली तर क्लिप सुटते आणि चाक फिरत राहतं. क्लिप नसेल तर मडगार्ड गोळा होऊन फोर्कमध्ये अडकतं, चाक जागच्या जागी बंद, आणि माणूस हँडलवरून पुढे. चांगल्या मडगार्डना ही क्लिप असते. स्वस्तातल्यांना नसते. वीतभर प्लास्टिकचा तुकडा आहे का तो? बोटाच्या पेराएवढा! तिथे पैसे वाचवायचे आणि बॉक्सवर सेफ्टी रिफ्लेक्टर फ्री म्हणून छापायचं.

एवढं करून कुणीतरी भेटतंच, ‘सायकलचा लुक गेला रे’ म्हणणारं. गेला ना, जाऊ दे. माझा शर्ट कोरडा आहे. असले लुकवाले पावसात नेमके माझ्याच पुढे चालवत असतात, मागचं चाक उघडं, आणि त्यांचा फवारा थेट माझ्या चष्म्यावर. ओव्हरटेक करून पुढे जावं तर सिग्नलला परत गाठतात आणि हिरवा लागला की परत माझ्या पुढे.