नीतीचं जू कोणाच्या मानेवर?

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या माझ्या चुलतभावाला सध्या जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे चढलाय. "दादा, नीती-बिती दुबळ्यायनं काढली, जोरदाराले बांधून ठेवाले. तिच्यापायीच आपला मानूस मोठा होत नाही," असं तो फोनवर सांगत होता. मी राहतो जर्मनीत, लायपझिगला. नीत्शे याच शहरात शिकला, त्याचं जन्मगाव रोकेनही जवळच.

बलवानांवरच्या रागातून दुबळ्यांनी चांगल्या-वाईटाची मोजमापं उलटी केली, असं नीत्शेनं 1887 मध्ये लिहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे युरोपातला ख्रिस्ती धर्म होता. आमच्या गावात हे लागू पडत नाही. काट्यावर कापूस मारणारा व्यापारी तिथं हुशार ठरतो, नीती शिकवली जाते ती पोरीबाळींना. 2005 पासून हिंदू वारसा कायद्यानं देशभर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पण "चांगली" बहीण तहसीलला येऊन हक्कसोडपत्रावर सही करते, आणि न करणारीचं माहेर तुटतं. नवरा गेलेल्या बाईनं सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे दोन चकरा मारल्या, की पारावर चर्चा. ताकद दबते ती अशी, आणि दाबणारे दुबळे नसतात. (चुलतभावाच्या तिन्ही बहिणींनी सह्या केल्यात. तो विषय काढला तर फोनची रेंज गेली.)

म्हणून नीतीच टाकून द्यावी, हेही मला पटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा 1905 मध्ये बायकापोरं सोडून निघाले. रूढ नीतीनं हा दोषच. पण त्यांनी लोकांना मोकळं सोडलं नाही. दारू नको, नवस-बकरं नको, पोरांना शिकवा, कर्ज काढून सण करू नका, अशी जास्त कडक नीती गळी उतरवली.

कर्जाचं मात्र आता वेगळं आहे. बाबा बोलत ते लग्न-तेरवीच्या उधळपट्टीवर. आजचा कास्तकार बियाण्या-खतासाठी कर्ज काढतो, पाऊस दगा देतो, आणि थकलं की तो चौकात यायचा बंद होतो. यवतमाळात ही लाज माणसं मारते असं मी म्हणेन, निदान मारणाऱ्या कारणांत ती आहेच. जर्मनीत कर्जात बुडालेला माणूस कोर्टात जातो. 2020 च्या सुधारणेनंतर तीन वर्षं शिस्तीत काढली की बहुतेक उरलेलं कर्ज माफ होतं. माझ्या ऑफिसातला एक जण त्यातून गेला, जेवणाच्या टेबलावर मोकळेपणानं सांगतो. इथले लोक फार उदार आहेत असंही नाही. रविवारी ड्रिल चालवलं तर शेजारी दार वाजवतात, आणि घरमालक कर्जाचा इतिहास आधी मागतो.

आपल्याकडे 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे. कंपन्यांनी तो वापरला. व्यक्तींसाठीचा भाग 2019 मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. कास्तकाराच्या वाट्याला 2008, 2017, 2019 अशा कर्जमाफ्या, म्हणजे निवडणुकीची वाट बघणं. विदर्भातल्या खासदारांनी कायद्यातला व्यक्तींसाठीचा भाग शेतकऱ्यांसाठी सुरू करून घ्यावा, त्यात वावर आणि बैलजोडी जप्तीबाहेर ठेवावी.