आई रांगेत उभी, यादीत मात्र नाही

१० मे २०२३, कर्नाटक विधानसभेचं मतदान. चौऱ्याहत्तर वर्षांची आई सकाळी सातलाच गावच्या शाळेत रांगेत. गुडघे गेलेत, तरी रिक्षा नको म्हणाली. कमरेच्या पिशवीत प्लॅस्टिकात गुंडाळलेलं जुनं मतदान कार्ड. दीड तासानं नंबर आला, तर टेबलावरचा म्हणतो, "अज्जी, लिस्टातनं नाव काढलंय की." कारण काय, तर स्थलांतर! अरे, ही बाई माहेरीसुद्धा दोन रात्रींच्या वर कधी राहिली नाही.

"मी हितं उभी हाय, दिसंना काय रं तुला?"

दिसत होती. पण यादीत नाव नसलं की मतदान कार्ड दाखवा, आधार दाखवा, उपयोग शून्य.

कुणीतरी नाव काढायचा सात नंबरचा फॉर्म भरला आणि कागदावर आई गाव सोडून गेली. नाव काढायच्या आधी नोटीस द्यायची, म्हणणं ऐकून घ्यायचं, असं नियम सांगतो. आमच्या दारात चिटपाखरू फिरकलं नाही.

वर ऐकवायचं काय, तर बोगस मतदान रोखायला यादी साफ करूलोय. करा की! आमच्या गल्लीतले आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, ते यादीत ठणठणीत. आमच्या बेळगावकडचं सीमेवरचं गाव बाची, ते ओलांडलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. इकडं घर, तिकडं शेत, आणि नाव दोन्हीकडं, अशी माणसं सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, पण विचारतो कोण? लोकसभेला ७ मे २०२४ ला बेळगाव आणि कोल्हापूरचं मतदान एकाच दिवशी आलं, तेवढीच अडचण. विधानसभेला आमचं मे २०२३ मध्ये, त्यांचं नोव्हेंबर २०२४ मध्ये. मतदानाला बोटावर लावतात ती म्हैसूरची शाई कितीही चिवट असली तरी दीड वर्षात नख नवं येतंय की हो! त्यांना गाळणारी चाळण कुणाकडं नाही. चाळणीत अडकली कोण, तर आमची म्हातारी.

मग नाव नव्यानं घालायचा सहा नंबरचा फॉर्म, फोटो, झेरॉक्स, दोन दिवसांची मजुरी बुडवून हेलपाटे. नवं कार्ड आलं. त्यावर कानडीत शांताबाईची झाली शांतव्वा. आता दुरुस्तीला आठ नंबर भरा म्हणे.

मी वाचून दाखवलं तशी आई कार्डाकडं बघत म्हणाली, "फोटो माझाच हाय. पण ही बाई कोण रं?"