लारीवरच्या विद्येबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

गाड्यांच्या धुराविषयीचे बीएस-६ नियम आल्यावर बडोद्यातले छोटे गॅरेजवाले एकमेकांना विचारत विचारत कसे तयार झाले, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की चहाच्या लारीवरची, म्हणजे हातगाडीपाशी गप्पांत मिळणारी, विद्या ऐकीव असते, एकाची चूक दहाजण गिरवतात. शिवाय सयाजीरावांनी जिथे कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, त्या गावात मी पद्धतशीर शिक्षणाऐवजी गप्पांचं कौतुक करतो. उभं आयुष्य आयटीआयत शिकवलेल्या माणसाला असं वाटणारच. मला मात्र ते पटत नाही.

१ एप्रिल २०२० ला नियम लागू झाला, तोही ऐन टाळेबंदीत. नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. इंजेक्टर, सेन्सर आणि इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, आले. स्क्रू अर्धा फेरा फिरवून नुसत्या कानाने आयडलिंग बसवणाऱ्या मिस्त्रीने करायचं काय? कंपन्या शिकवतात ते मुख्यतः आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या माणसांना. रावपुऱ्यातल्या गल्लीतल्या माणसाने शटर पाडून कोर्सला बसायचं, तर त्या दिवसाचा गल्ला कोण भरून देणार?

आता चुकांबद्दल बोलू. एका संध्याकाळी माझ्यासमोर घडलेलं सांगतो. स्कूटरवर इंजिनचा दिवा पेटलेला, स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरच्या बिघाडाचा कोड. पोरगा नवा सेन्सर आणायला निघालाच होता. शेजारच्या गॅरेजवाल्याने हटकलं, "थांब रे, आधी सायलेन्सरचा जॉइंट बघ." सांधा घट्ट ठेवणारं गॅस्केट गेलं होतं. तिथून बाहेरची हवा ओढली जात होती, म्हणून सेन्सर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, दाखवत होता. सेन्सर ठणठणीत! गिऱ्हाइकाचा नाहक खर्च वाचला, आणि पोरगा एक गोष्ट कायमची शिकला: कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. ऐकीव विद्येला गॅरेजात रोज परीक्षा असते, सर. निदान चुकलं की गाडी परत येते.

कलाभवनाचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. १८९० साली ते सुरू झालं, तेव्हा पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण गुजरातीतून देण्याचा आग्रह धरला, कारागिराच्या मुलाला ते पेलावं म्हणून. आज इंग्रजी मॅन्युअलच्या पानाचा फोटो गॅरेजवाल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर येतो आणि कुणीतरी त्याचा अर्थ गुजरातीत, कधी मराठीत, बोलून पाठवतो. मला तरी हे त्याच वाटेवरचं काम वाटतं.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची लिथियम बॅटरी ऐकीव माहितीवर उघडायची नाही. तिथे चूक झाली तर गाडी परत येत नाही, आग लागते. तिथे शिक्षकच हवा.

आणि या जाळ्याची खरी उणीव मला वेगळीच दिसते. समोरासमोर दुकानं असलेले दोघे एकमेकांना काही सांगत नाहीत. परगावाहून आलेल्या, दुसऱ्याच्या गॅरेजात राबणाऱ्या पोराला तर ग्रुपमध्ये घेतच नाहीत. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये अशांना बरोबरीने उभं राहता येईल. तुमच्या तिथे अजून ओळखी असतील. महिन्यातून एक संध्याकाळ वर्कशॉप उघडं ठेवता येईल का, एवढं विचारून बघाल? अडलेल्या गाड्या घेऊन मंडळींना आणायचं काम माझं.